पान एकशे तेरा

१२ जानेवारी

डीननी आज बोलावून घेतलं. सात वर्षं मी स्लाव साहित्याच्या विभागात हंगामी व्याख्याता आहे. दर जूनमध्ये मला नव्यानं नेमतात आणि तोपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. डीन मूळचे रसायनशास्त्राचे. आम्ही नक्की काय करतो हे त्यांना अजून उमगलेलं नाही, आणि ते तसं सांगतातही. म्हणाले, "तुमच्या विभागात वीस वर्षांत एक चर्चासत्र झालेलं नाही. एक धड करून दाखवा. परदेशी पाहुणे, भरलेलं सभागृह, वर्तमानपत्रात चार ओळी. मग तुमच्या कायम नेमणुकीची फाइल मी स्वतः वर पाठवतो."

मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "साहेब, यंदा आजोबांची जन्मशताब्दी आहे."

आजोबा म्हणजे आमच्या विभागाचं दैवत, एक जुना स्लाव समीक्षक. खरं नाव एवढं लांबलचक आहे की फळ्यावर लिहिताना खडू झिजतो, म्हणून आम्ही सगळे आजोबाच म्हणतो. उंबरठा-सिद्धान्त त्यांचा. माझा प्रबंध, माझं पुस्तक, माझे अकरा लेख, सगळा डोलारा त्या एका सिद्धान्तावर उभा आहे.

शताब्दी यंदाच आहे का, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. बाहेर आल्याबरोबर सरांना फोन लावला. सर माझे मार्गदर्शक, आता निवृत्त. आजोबांना आपल्याकडे आणलं त्यांनीच, एकतीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या प्रबंधातून. सर आधी खाकरले. मग म्हणाले, "ग्रंथ लिहिला तेव्हा तिशीचे असतील. धर की यंदाच."

धरलं.

१३ जानेवारी

बायको दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि घरी आली की मला. जेवताना म्हणाली, "आजोबांचं ते पुस्तक दाखव ना एकदा."

"माझ्याकडे नाही."

"वाचलंयस ना पण?"

आमच्या क्षेत्रात वाचणं ही इतकी सरळ गोष्ट नसते, असं मी तिला सांगितलं. इथे खरं लिहायला हरकत नाही. मी तो ग्रंथ पाहिलेलासुद्धा नाही. माझ्या प्रबंधात मी प्रामाणिकपणे तळटीप दिली होती, 'सरांच्या प्रबंधात उद्धृत, पान ११३'. पुढे पुस्तक काढताना प्रकाशक म्हणाले तळटिपा फार लांब होतायत, तेव्हा सरांचा उल्लेख गाळला आणि नुसतं आजोबांचं नाव ठेवलं. आता ते मी मूळ ग्रंथ उशाला घेऊन झोपतो असं वाटतं. पण सगळेच असं करतात. प्रत्येकानं उगमापाशी जाऊनच पाणी प्यायचं म्हटलं तर गावं तहानेनं मरतील.

बायको म्हणाली, "आमच्याकडे दुसऱ्याच्या एक्स-रेवर दात काढत नाहीत."

२० जानेवारी

चर्चासत्राची तारीख ठरली, १३ मार्च. निबंधांचे चौदा गोषवारे आले आहेत. तेरा उंबरठ्यावर आणि एक 'उंबरठ्याची अनुपस्थिती' या विषयावर. चौदाही जणांनी तोच उतारा दिलाय. मला तर तो आता पाठ आहे: 'या कादंबऱ्यांत कोणी दार नीट लावत नाही. माणसं उंबरठ्यावर उभी राहून बोलतात. आत आलं तर बसावं लागेल, आणि बसलं तर ऐकावं लागेल.' काय लिहून ठेवलंय! असं सुचायला तो हिवाळा, ते दुःख, ती माती लागते. इथे राहून कुणाला सुचणार?

चर्चासत्रासोबतच्या प्रदर्शनात मूळ ग्रंथ हवाच. परदेशातल्या चार ग्रंथालयांना पत्रं टाकली.

वक्त्यांच्या नावांच्या पाट्या टाइप करायला बाईंकडे दिल्या. बाई आमच्या विभागाच्या टायपिस्ट. आता सगळं संगणकावर होतं, पण पाट्या, पाकिटं आणि ग्रंथालयाची कार्डं त्या अजून जुन्या यंत्रावरच करतात. मार्चअखेर निवृत्त होतायत. यादी वाचून म्हणाल्या, "हे सगळं आजोबांवरच आहे?"

"सगळं."

"दोन मिनिटं बसता का? थोडं बोलायचं होतं."

मी दारातूनच सांगितलं, आज नको, गडबडीत आहे. खरोखरच होतो.

२ फेब्रुवारी

तीन ग्रंथालयांनी कळवलं, असा ग्रंथ आमच्याकडे नाही. चौथ्यानं लिहिलंय, 'आमच्याकडे नाही. मात्र आपल्या देशातून याच ग्रंथाची मागणी आजवर नऊ वेळा आली आहे.' मला तर आनंदच झाला. केवढा दुर्मिळ असेल!

सरांना विचारलं, तुमची प्रत तरी? म्हणाले, वाळवीनं खाल्ली. मागे एकदा घर बदलताना हरवली असं म्हणाले होते. दोन प्रती असणार. सरांचा संग्रहच तसा दांडगा.

९ फेब्रुवारी

तसबिरीचा प्रश्न सुटला. सरांनी कुठल्याशा परिषदेचा जुना समूहफोटो दिला आणि मागच्या रांगेतल्या टोपीवर बोट ठेवलं. "हेच." फोटोवाल्याकडून मोठा करून आणला. मोठा केल्यावर टोपी मोठी झाली, चेहरा काही आला नाही. चौकट मात्र झकास आहे.

बायको बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "बाई आहे की बुवा, हे तरी नक्की का?" तिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे.

१७ फेब्रुवारी

बाईंनी पुन्हा गाठलं. आज चांगल्या जिन्यापर्यंत मागे आल्या. "सर, ते आजोबांचं..." म्हणाल्या आणि तेवढ्यात मला फोन आला. निवृत्तीच्या तोंडावर माणसं हळवी होतात. बहुधा निरोपसमारंभाबद्दल बोलायचं असेल, किंवा खुर्चीबद्दल, तिची गादी पार बसलीय. भांडारातून नवी गादी मागवून पाठवून दिली. मी इतका कामात असूनही मला या गोष्टी सुचतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

१ मार्च

प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलेल्या विदुषींचं पत्र आलं. येतायत! वय सत्तर, आणि स्लाव साहित्यात यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भाषणाचा विषय: 'आजोबांच्या सहवासात'. एकदा रेल्वे स्टेशनवर त्या दोघांनी एकत्र चहा घेतला होता म्हणे.

म्हणजे आजोबा होते! पत्र वाचताना माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. ओझं कधी चढलं होतं, ते मात्र आठवत नाही.

११ मार्च

आज काय लिहू आणि कसं लिहू.

दुपारी पाट्या आणायला गेलो. नेहमीसारखा दारात उभा राहून म्हणालो, "झालं का बाई?" त्या म्हणाल्या, "झालं. पण आत येऊन बसल्याशिवाय देणार नाही." आवाज चढवला नव्हता, तरी मी निमूट जाऊन बसलो. सात वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच बसलो. स्टूल डुगडुगतं.

बाई म्हणाल्या, "पान एकशे तेरा मी लिहिलंय."

"टाइप केलंयत," मी म्हणालो.

"टाइपही केलंय. पण आधी लिहिलंय."

मग त्यांनी सांगितलं, ते सरळ लिहून काढतो. एकतीस वर्षांपूर्वी सरांचा प्रबंध दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता. प्रकरणं जसजशी हातात आली तसतशी, पुढची मागची, त्यांनी टाइप केली होती. शेवटी जुळवायला घेतलं तर हस्तलिखितात एकशे तेरावं पान नाहीच. एकशे बारा तयार, एकशे चौदापासून पुढचं सगळं तयार. सर तापानं फणफणून घरी पडलेले. पान कोरं सोडावं तर प्रबंध परत येणार.

"मग मी भरून काढलं," बाई म्हणाल्या. "तोवर तुमच्या विभागाचे सहा प्रबंध माझ्या हाताखालून गेले होते. वळण कळतं हो. कादंबऱ्याही वाचत होते, तुमच्याच ग्रंथालयातल्या. पण मनातलं सरांच्या तोंडी घालणं बरं दिसेना. खोटेपणा झाला असता. म्हणून अवतरणचिन्हं टाकली, एका ग्रंथाचं शीर्षक बनवलं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव दिलं."

"नाव कुठून आणलंत?"

त्यांनी खणातून एक पत्र्याची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. यंत्रात घालायच्या तेलाची. डबीवर आजोबांचं संपूर्ण नाव होतं, खाली कारखान्याचा पत्ता.

मी ते दोनदा वाचलं. मी कसाबसा म्हणालो, "पण तो विचार... दार, उंबरठा, बसलं तर ऐकावं लागेल... ते कुठून सुचलं?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "नऊ वर्षं झाली होती मला इथे तेव्हा. सगळे तिथेच उभे राहून विचारायचे, झालं का."

महिनाअखेर त्या जाणार. ते खोटं मागे ठेवून जायचं नाही, म्हणाल्या. सरांना दोनदा सांगून पाहिलं होतं, त्यांनी विषय बदलला. "तुम्ही परवा सांगाल का? मला सभेत बोलायची सवय नाही."

मी हो म्हणालो. त्या क्षणी दुसरं काहीही म्हणणं शक्य नव्हतं.

१२ मार्च

सकाळी सरांकडे गेलो. वाटलं होतं, हादरतील. ते चहात बिस्कीट बुडवत राहिले. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, अख्ख्या प्रबंधात हे एकच पान जिवंत आहे. तिथे मी काय बोलणार होतो?" बिस्कीट तुटून कपात पडलं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला कायम व्हायचंय ना? मग उद्याचा दिवस ढकल."

बायकोला सांगितलं. आधी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "चार देशांना पत्रं पाठवलीस! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग एकदम गंभीर झाली. "तू त्यांना हो म्हणालायस. मग उद्या सांगणार ना?"

"सांगणार," मी म्हणालो. मनात मात्र जून महिना दिसत होता.

१३ मार्च

सभागृह भरलं. डीन पहिल्या रांगेत, बायको तिसऱ्या, बाई सगळ्यात मागे. वर्तमानपत्राचा माणूसही आला होता. तसबिरीवरचा पडदा सरला आणि लोकांनी त्या टोपीसाठी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, काय तेज आहे.

पहिल्या सत्रात नऊ जणांनी तोच उतारा वाचला. प्रत्येक वेळी मी माना डोलावणाऱ्यांकडे बघायचो आणि घोटभर पाणी प्यायचो. मग विदुषी उठल्या. त्या म्हणाल्या, आजोबा फार कमी बोलत, त्यांचे हात थरथरत असत, चहात ते साखर घेत नसत, आणि गाडी आल्यावरही ते बराच वेळ फलाटावर उभेच राहिले. शेजारचे एक प्राध्यापक डोळे पुसत होते. मला त्या तेलाच्या डबीचं झाकण आठवत होतं.

मग माझी पाळी. मी माइकपाशी गेलो. बाईंकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान हलवली, जणू म्हणाल्या, सांगा. मी कागद उघडला आणि जानेवारीत लिहिलेलं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून काढलं. वीस मिनिटं. डीननी टाळ्या वाजवल्या. बायकोनं हात मांडीवरच ठेवले होते. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"कुणाला काही प्रश्न?" अध्यक्ष या नात्यानं मीच विचारलं.

मागून बाईंचा हात वर गेला. शाळकरी मुलीसारखा, सरळ.

उभ्या राहून त्या म्हणाल्या, "प्रश्न नाही. सांगायचंय. हे आजोबा कुणी नाहीत. तो उतारा मी लिहिलाय."

सरांना त्याच क्षणी खोकला आला आणि ते रुमाल तोंडावर धरून बाहेर गेले. मी डोळे मिटले. संपलं सगळं, असं वाटलं.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

'उंबरठ्याची अनुपस्थिती'वाले उठून उभे राहिले. "व्वा! लेखक नावाची व्यक्ती नसतेच, मजकूर वाचणारा, उतरवणारा प्रत्येक जण तो लिहितच असतो, ही भूमिका इतक्या थेट शब्दांत मी आजवर ऐकली नव्हती!" आमच्याच विभागातले दुसरे एक म्हणाले, भूमिका टायपिस्टच्या आसनावरून मांडली जाणं याला स्वतंत्र अर्थ आहे. तिसऱ्यांनी विचारलं, बाई कोणत्या विद्यापीठाच्या? वर्तमानपत्राचा माणूस भराभर लिहून घेत होता.

बाई गोंधळून म्हणाल्या, "अहो, भूमिका नाही. खरंच मी लिहिलंय." टाळ्या आणखी वाढल्या.

सुटलो! पहिला विचार हाच आला, इथे खोटं लिहून उपयोग नाही. आता मी नुसतं 'धन्यवाद' म्हणायचं आणि चहाची सुट्टी जाहीर करायची. फाइल वर गेलीच. बाई सांगून मोकळ्या, मी गप्प राहून मोकळा. कुणाचंच काही वाकडं होत नव्हतं. पण बाई तशाच उभ्या होत्या. एकतीस वर्षांनी एकदाचं खरं बोलल्या आणि चाळीस विद्वानांत एकालाही ते ऐकू आलेलं नव्हतं. टाळ्यांमध्ये त्या इतक्या एकट्या दिसत होत्या की मला राहवेना.

मी माइक हातात घेतला. "बाई सिद्धान्त मांडत नाहीयेत. बाई झालेली गोष्ट सांगतायत. असा समीक्षक नव्हता. असा ग्रंथ नाही. आणि न वाचलेल्या ग्रंथाचा हवाला मी माझ्या पुस्तकात सदतीस वेळा दिलाय."

आता मात्र कुणी टाळी वाजवली नाही. जो तो समोरच्या आपल्याच निबंधाकडे बघत होता. विदुषी पुटपुटल्या, "मग मला स्टेशनवर चहा कुणी पाजला?"

या सगळ्या गोंधळात आवाज आला तो डीनचा. "एक विचारू? मी बाहेरचा आहे. ते वाक्य बरोबर आहे की चूक?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी विदुषीच म्हणाल्या, "बरोबर आहे. एकतीस वर्षांत कुणाला खोडता आलेलं नाही."

"मग यांचं नाव टाका की तिथे," डीन म्हणाले. "चहा कुठे आहे?"

१५ मार्च

डीननी बोलावलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, तेव्हाच समजलो. म्हणाले, "चर्चासत्र छान झालं. इतक्या मोठमोठ्या लोकांना एकदम गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पण न वाचता हवाला दिला, हे तुम्ही स्वतः माइकवर सांगितलंत. आता ती फाइल मी कोणत्या तोंडानं पाठवू?"

"नका पाठवू," मी म्हणालो.

"पुस्तक दुरुस्त करा. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे पुन्हा जून, पुन्हा टांगणी. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, उगाच मोठेपणा कशाला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दात हलता ठेवण्यापेक्षा काढलेला बरा." तिच्या सहानुभूतीची ही शेवटची पायरी असते. मग तिनं बाईंना रविवारी जेवायला बोलावलंय असंही सांगून टाकलं. मला न विचारता.

२८ मार्च

चर्चासत्रातल्या निबंधांचं पुस्तक निघतंय. चौदांपैकी पाच जणांनी निबंध मागे घेतले, नऊ जणांनी तळटीप बदलून द्यायचं कबूल केलंय. विदुषींनी लेख नव्यानं लिहून पाठवला. त्यात स्टेशन आहे, चहा आहे, समोरचा गृहस्थ 'एक अनोळखी प्रवासी' झालाय. आधीच्यापेक्षा लेख चांगला झालाय.

सकाळी मी नवी तळटीप लिहायला बसलो. पान ११३, वर्ष, प्रबंधाचं शीर्षक, सगळं लिहिलं आणि लेखकाच्या नावापाशी हात थांबला. बाईंचं नाव मला माहीत नव्हतं. कार्यालयात जाऊन हजेरीपट पाहिला, तिथे नुसतं 'टायपिस्ट' आणि सही म्हणून एक फराटा. कारकुनाला विचारलं. म्हणाला, बाई म्हणजे बाईच ना.

त्यांच्या खोलीत गेलो, बसलो आणि विचारलं. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आडनाव माहेरचं की सासरचं?"

"तुम्हाला हवं ते. आता ते कायमचं राहणार आहे."

त्यांनी बराच विचार केला. ग्रंथालयासाठीही लेखकाचं कार्ड लागणारच होतं, तेव्हा मी म्हटलं, तुम्हीच टाइप करून द्या. त्यांनी कोरं कार्ड यंत्रात घातलं, सरळ केलं, बोटं ठेवली. या बाईंनी एकतीस प्रबंध टाइप केलेत आणि त्यांच्या पानांवर खाडाखोड कुणी पाहिलेली नाही. आज पहिल्याच शब्दात चुकल्या. कार्ड काढून टाकलं, दुसरं घातलं, पुन्हा चुकल्या.

"असं कसं होतंय," त्या म्हणाल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "हे कधी टाइपच केलं नाही ना."

मी तिसरं कार्ड दिलं आणि घाई नाही म्हणून सांगितलं.